निळी पडलेली डिस्क

चाक उतरलं. मोईज मिस्त्रीनं टॉर्च मारला,
डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं, नख अडकलं.
"ये नीला कायकू पड्या?"
मी समोरच्या बोर्डावरची अक्षरं वाचायला लागलो.

तेलगावच्या फाट्यावर सकाळचे नऊ.
पिकअपच्या हौद्यात रात्रीची दोन सीताफळं
राहून गेलेली, डोळे उघडलेली.
मिस्त्रीनं व्हर्नियर पायजम्याला पुसला.
किती झिजेपर्यंत चालेल
ते डिस्कच्या पोटावर ओतीव अक्षरांत असतं: वीस.
पाच हंगाम गाडी माझी, मी कधी वाचलं नव्हतं.
भरली एकोणीस पूर्णांक एक.
"लेथवर घासून नाही का भागणार?"
"घासायला राहिलंय काय? पापड झालाय."

ओस्तवालच्या काउंटरवर तीन जोड्या.
एक कंपनीची, तेलकट कागदात,
किंमत ऐकून आवंढा गिळावा अशी.
एक बिननावाची, निम्म्यात. टिचकी मारली
तर फुटक्या घागरीचा आवाज आला,
किंवा मला तसा वाटला.
तिसरी भोकं पाडलेली, रेघा ओढलेली, आरशासारखी.
"पोरं हीच मागतात, भाऊ."
मिस्त्री म्हणाला, "काळी माती भरंल त्या भोकांत.
वरून मूग पेर."

पॅडचे डबे वेगळे.
सिरॅमिक: धूळ नाही, आवाज नाही, पाहुण्यासारखं.
दुसरं लोखंडाचा चुरा घातलेलं:
थंडीत कुरकुरणार, रिमवर काजळी धरणार,
डिस्कही थोडी खाणार,
"पण तापलं तरी सोडायचं नाही."
प्रयागअक्का क्रेटचा हिशेब मांडत होती,
मान वर न करता म्हणाली,
"कुरकुरणारं घ्या. आमच्यात सवय आहे."

"धारूरचा घाट कोणत्या गिअरात उतरतोस?"
"तिसऱ्या."
मिस्त्रीनं डिस्क उन्हात धरली.
मोराच्या मानेसारखे डाग, गोल गोल.
लोखंड ओझ्यानं असं होत नाही.
न्यूट्रल टाकायचं, डिझेल वाचवायचं,
मग वळणावर पाय ठेवायचा
आणि वास येईपर्यंत काढायचा नाही.
किती वाचलं, ते मी वहीत लिहीत होतो.
हे कुणी लिहिलं, ते आता दिसत होतं.

त्यानं आणखी काही विचारलं नाही,
डावीकडचं दार उघडलं फक्त.
सीटपुढची मॅट उजव्या टाचेच्या जागी
आरपार झिजलेली, खालचा पत्रा दिसतोय.
तिथं ना क्लच, ना ब्रेक.
तिथं अक्का बसते.
मी अक्काकडं बघितलं.
तिनं वहीचं पान उलटलं.

कंपनीची जोडी घेतली. दोन्ही बाजूंना;
एकच बदलली तर गाडी एकीकडं ओढते.
दोन खेपांचे पैसे गेले.
"लगेच घाटात नको," मिस्त्री म्हणाला.
"माजलगाव रोडला साठवर ने, वीसवर आण.
थांबायचं नाही. दहा वेळा.
ओळख होऊ दे दोघांची."
मागच्या टेम्पोवाल्यानं आईवरून शिवी दिली.
अक्का बोटं मोडत होती: सात.
आठ. अरे हे आठवं का नववं?
जळक्या रंगाचा वास आला, मग गेला.

तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीनं घाट उतरलो,
दुसऱ्या गिअरात, इंजिन बोंबलत,
मागं तीस क्रेट.
पहिल्याच वळणाला पॅड कुरकुरले.
तिचा उजवा पाय मॅटवर तसाच, दाबलेला.
"अक्का, आता कशाला?"
"तू तुझा दाब," म्हणाली, "मी माझा दाबते."

जुनी डिस्क तिनं भंगारात घातली नाही.
खळ्यावरच्या ताडपत्रीवर ठेवलीय, वारा सुटतो म्हणून,
ओतीव अक्षरं वरच्या बाजूला.