आज का दिसलं

मागल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढली,
दाभणानं टोचून सुतळीनं शिवली,
वर पुठ्ठा बिस्किटांच्या खोक्याचा.
अठरा वह्या. पहिली-दुसरी मिळून
पटच तेवढा.

फळ्यावर लिहिलं : आज काय दिसलं?
खेमेशनं मोठ्यानं वाचलं : आज का दिसलं?
या गावात तो 'य' कुणी खर्च करत नाही.
मीही पुसून टाकला.

पहिल्या दिवशी अठरा वह्यांत अठरा मोर.
पुस्तकातला तोच, मान डावीकडे,
पिसाऱ्याला जांभळा खडू.
मोर पाहिला?
होsss.
कुठं?
मग कुणीच बोलेना.

दुसऱ्या दिवशी वर्गाला कुलूप लावलं.
धान निघून गेलेलं, बांधीत लाखोळी,
घोट्याच्या जरा वर,
आणि तिची निळी फुलं, नखाएवढी.
पोटावर झोपून बघायचं, म्हटलं.
कुणी झोपेना.
शेवटी मीच झोपले, साडीसकट.
धुऱ्यावरून जाताना बिसेनकाकांनी सायकल थांबवली :
बाई, काही हरवलं का?

मी अकोल्याकडची, कपाशीच्या काळ्या मातीतली.
इथल्या अर्ध्या झाडांना मी नुसतं झाड म्हणायची.
आता ओमेश्वरी माझ्या हातातली पेन्सिल घेते,
नाव खोडते, दुसरं घालते,
आणि माझ्याकडे असं बघते
जसं मी तिच्या पाढ्यांकडे बघते.

डिलेशची वही :
'मुंगी मेलेली मुंगी नेत होती. कुठं ते नाही सांगतलं.'
'बोडीतला दगड काल बुडून होता. आज त्याच्यावर बगळा.'
'आमच्या बकरीचे डोळे आडवे आहेत.'
सहा वर्षं दूध पीत आले मी त्या घरचं,
संध्याकाळी मुद्दाम गेले, बकरीपुढे उकिडवी बसले.
आहेत. आडवेच आहेत.

होळीच्या सुट्टीत टिकेशची वही
घराच्या कोपऱ्यात राहिली, उधईनं खाल्ली.
मधोमध आरपार भोक,
आणि त्या पानावर होतं उधईचंच वारूळ,
गेरूनं रंगवलेलं.
रडेल वाटलं.
भोकातून माझ्याकडे बघत म्हणाला,
बाई, तिले आवडलं.

मग मोह पडायला लागला.
सुगंती उईके उशिरा यायची,
केसांत पाचोळा, बोटांना गोडसर वास,
भिंतीला टेकली की झोप.
वहीत नुसते गोळे.
पानभर गोळे, मागच्या पानावर गोळे,
अक्षर एक नाही.
मी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नको,
अजून ठरलं नाही.

केंद्रप्रमुख आले, वह्या चाळल्या,
तिच्या वहीशी थांबले.
एवढे शून्य? बाई, पहिलीतल्या पोरीला?
मी नाही दिले साहेब, म्हटलं, तिचेच आहेत.
तिला उठवलं.
ती आधी साहेबांच्या बुटांकडे पाहत राहिली,
मग फळ्याकडे.

पहाटे माय टोपली घेऊन जाते, म्हणाली,
मी झाडाखाली बसतो गोधडीत.
अंधारात का दिसते?
फूल पडते तं टप होते.
एक टप, एक गोळा.

साहेबांनी वही उलटी धरली, सुलटी धरली,
खिशातला पेन काढला,
परत ठेवला.

ते गेल्यावर मी मोजायला बसले.
एकशे बारापर्यंत आले आणि चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.
शेवटच्या पानावर वर दाटीनं गोळे,
मग रिकामं, रिकामं,
आणि अगदी तळाशी, सुतळीजवळ, एकच.
हा असा दूर का गं?

तोवर तिचे डोळे पुन्हा मिटायला आले होते.
तो उशिरानं पडला, म्हणाली.