दोन मेस्त

लोटलीच्या इगर्जीतून निरोप आला,
ऑर्गनचा भाता फाटलाय.
बोरीचा पूल ओलांडून गेलो. स्कूटरवर पायांपाशी
बकऱ्याचं कातडं, सरसाचं डबडं, दोन पटाशा.
दारात मेस्त सिप्रियान, ऐंशीच्या पुढचा.
म्हणाला, तू मेस्त, मीही मेस्त, ये.
सुताराला आणि चर्चमधल्या गाण्याच्या मास्तराला
आमच्याकडे एकच शब्द.

चार दिवस त्या पेटाऱ्याच्या पोटात हात घालून होतो.
लाकडी नळ्या, आतून काळ्या.
उंदराचं घरटं, प्रार्थनेच्या चिंध्यांचं.
आणि एका फळीवर कुणा सुताराची पेन्सिलीची रेघ,
मोजून ठेवलेली,
कापायची राहून गेलेली.

पाचव्या दिवशी मेस्ताने चष्मा पुसला,
कागद उलगडला. रचणाऱ्याच्या नावाच्या जागी
वाळवीचं आरपार भोक.
"तीनशे वर्षांचं असेल. नाव गेलं. सूर आहेत."
मी भात्याचा दांडा धरला.
वारा माझा, बोटं त्याची.

खाली चार सूर. चारच.
पायरी पायरीने उतरणारे,
तळाशी पोचले की पुन्हा वरून.
एवढंच? म्हटलं मनात.
पण वरचा एक सूर जागचा हलेना.
खालचा निघून गेला तरी हा तिथेच,
दोघांचं पटेना, कानात कुसळ,
आणि मग, उशिरानेच,
तो एक पायरी उतरला.
तोवर खालचा पुन्हा निघालेला.

सांध्याचं असंच असतं.
कुसू खाचेपेक्षा केसभर जाड ठेवायचं.
सहज बसलेलं दोन पावसाळ्यांत सुटतं.
ठोकताना कण्हलं पाहिजे लाकूड.

बाबा गेले तेव्हा मी बांबू मोजत होतो,
सुंभाच्या गाठी तपासत होतो.
लोक म्हणाले, घट्ट आहे पोर.
इतक्या वर्षांनी, परक्या देवाच्या माडीवर,
दोन्ही हात दांड्यावर, वर, खाली,
थांबलो तर सूर मरणार,
म्हणून डोळे पुसता येईनात.

संपल्यावर मेस्त मागे न वळता म्हणाला,
"मधे कुठेतरी वारा हलला."
म्हटलं, कातडं नवं आहे. बसेल.
त्याने पैसे मोजून दिले, वर घरची दोन नीरफणसं.

एकादशीला देवळात भजन. पेटीवर मी.
अभंग उचलण्याआधी
बोटं आपसूक चार पट्ट्या उतरली.
पुन्हा वरून. पुन्हा.
बुवांनी डोळे वटारले, ही कसली रे चाल?
लोटलीची, म्हटलं, आणि ओशाळून
नेहमीच्या सुरावर आलो.
पखवाजावरचा गुणो मात्र
कणीक थापता थापता थांबला होता.
हात तसाच ओला, पिठाचा.
म्हणाला, परत वाजव.