रिकामं वजन

आठवडाभर मी तुर्भ्याच्या बाजारात काट्यावर बसते.
भरला ट्रक येतो, रिकामा जातो,
वजाबाकीत उरेल त्याला माल म्हणायचं
आणि पावती फाडायची.
शनिवारी रात्री त्याच पावत्यांच्या पाठीवर
मी पाच जणांचा अनुभव लिहिते.

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
खाली गिरणी, वर सिडकोला न विचारता चढवलेली खोली.
फासे पडले की पिठाचा बारीक धूर उडतो,
वीस आला तर खाली मढवीकाकांनाही कळतं.

आज पुलावरच्या राक्षसाचं डोकं प्रचीतने उडवलं: तीनशे.
त्याआधी माहरुखने अर्धा तास त्याच्याशी
टोलवरून घासाघीस केली होती,
भाव जवळजवळ ठरलाच होता. तिचे किती?
लतिकाचा मंत्र चुकला, तिने स्वतःचीच दाढी पेटवली
आणि आम्ही इतके हसलो
की चहा सांडून नकाशावर एक नवं तळं झालं.
नियमांच्या पुस्तकात राक्षसाचा दर आहे,
तळ्याचा नाही.

पूर्वी मी दरानेच द्यायचे.
मग सगळे दिसेल त्याला मारत सुटले,
एका गावात तर बकऱ्यासुद्धा.
म्हणून सगळ्यांना सारखे देऊन पाहिले.
सौमिल परीक्षेचं सांगून दोन महिने गायब,
परतला तो थेट इतरांच्याच पायरीवर.
माहरुख काही बोलली नाही,
नुसती पेन्सिलीला टोक काढत राहिली
पेन्सिल बोटभर उरेपर्यंत.

आणि ओवेस.
पुलापलीकडे एक दार होतं.
त्यामागे तीन आठवडे खपून
मी एक बुडालेलं मिठागर रचलं होतं,
खाडीची राणी, तिचे मिठाचे सात पहारेकरी,
सातांची सात नावं.
ओवेसची पाळी आली. म्हणाला,
"मी दार उघडत नाही."
आणि बाकीचेही, कसे कोण जाणे, मागे वळले.

त्याच्या नावापुढे पेन थांबलं.
न उघडलेल्या दाराचे गुण किती?
खरं सांगते, शून्य लिहावंसं वाटलं,
तीन आठवड्यांच्या रागाचं, टपोरं.
विचारलं, का रे?
"आतून कडी होती ना.
तुम्हीच म्हणालात मगाशी."

म्हणाले होते. जाता जाता,
लाकूड, गंज, खिळे सांगताना
तोंडातून गेलं: आतून कडी.
मलाही ऐकू आलं नव्हतं.

काट्यावर एक सोय असते,
ट्रकचं रिकामं वजन कळतं.
ही माणसं इथे भरलेलीच येतात.
ओवेस रबाळ्याची दुसरी पाळी संपवून,
माहरुख डायलिसिसच्या वॉर्डातून परस्पर,
पाठीवरचं न उतरवता फासे टाकतात.
वजा काय करू?

साडेअकराला पाचही पावत्या वाटल्या.
कोणाला किती, ते आमच्यात.
ओवेसने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला,
घडी करून हेल्मेटच्या अस्तरात सारली.

सोमवारी पहिला ट्रक कलिंगडांचा.
ड्रायव्हर केबिनमध्येच बसून.
उतरा, मी खिडकीतून ओरडले.
"भरल्यावर बसलो, रिकाम्यालाही बसेन,
फरक कसला पडतोय, बाई?"
हिशेबाने बरोबर होतं त्याचं.
तरी उतरवलं,
आणि काट्यावरचा आकडा
स्थिर होण्याआधी किती हलतो
ते बघत राहिले.