वीस आकडे

पूर्वी मी रॉकेल विकायचे.
पत्र्याचं पिंप, पिंपाला नळ,
मोजायला सोड्याच्या बाटलीचं झाकण.
एक झाकण म्हणजे जेवणं उरकेपर्यंतचा उजेड.
तीन झाकणं म्हणजे पोराची परीक्षा.
कुणी अख्खी बाटली नेली, तर समजायचं
त्या घरी मयत आहे, रात्र जागवायची आहे.

लोल्वे सरोवरावरून कंदिलांच्या होड्या पहाटे परतायच्या
आणि ओमेना मासळीच्या टोपल्यांना
माझ्याच हातांचा वास यायचा.

मग खांब आले.
आले आणि आमच्या डोक्यावरून पुढे गेले, नऊ वर्षं.
दिव्याखाली अंधार असतो म्हणतात.
आमच्याकडे दिवा कुठला?
तारेखालीच होता तो, पाखरांसकट.

दहाव्या वर्षी घरोघरी एक फळी ठोकली,
फळीवर एक दिवा, दोन भोकं, एक लहानसं मीटर.
म्हाताऱ्या ओबिएरोनं बटण दाबलं, वर पाहिलं,
चाळीस वर्षांची काजळी छपराला लोंबत होती.
तो म्हणाला, बंद करा. पाहुणे आहेत घरात.

खोटं कशाला बोलू, चांगलंही झालं.
दवाखान्यातली रिस्पर बाळंतपणाला
बॅटरी दातांत धरायची,
आता तिचं तोंड मोकळं आहे.
कळ दे, बाई, असं ती म्हणू शकते.

माझं पिंप मात्र रिकामं राहिलं.
म्हणून मी आता आकडे विकते.
पन्नास शिलिंग द्या, मी फोनवर भरते,
निरोप येतो: वीस आकडे.
ते मीटरमध्ये दाबायचे की उजेड.
आधी मागची बाकी कापतात,
मग जोडणीचा हप्ता, मग कर.
उरतं ते झाकणभरच असतं.

अवितीला वाचता येत नाही,
तिचा धाकटा, ओदेरा, आकडे पाठ करून पळतो,
केळीच्या बांधावरून,
चार नऊ शून्य शून्य सात, चार नऊ शून्य शून्य सात,
कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.
एकदा कुत्रं मागे लागलं
आणि चौदावा आकडा बांधावरच सांडला.
परत आला, रडत नव्हता, फक्त म्हणाला,
नेरियामावशी, सहा होता की आठ?

स्वयंपाक अजून तीन दगडांवर.
त्या फळीवर भात शिजवायचा
तर आठवड्याची मासळी एका दुपारी जाईल.
अविती अजून खोकते, फक्त आता
खोकताना दिसते.

साहेब आले होते वही घेऊन.
अवितीच्या दारात त्यांनी मीटर पाहिलं,
खूण केली: वीज पोचली.
मीटरवर शून्य होतं, लाल डोळा मिचकावत.
शून्याला त्या वहीत रकाना नव्हता.

त्याच रात्री ती आली, पदराआड काहीतरी धरून.
जुनी कोरोबोई. वात नवी, जुन्या साडग्याची.
झाकणभर आहे का गं?

मी पिंप आडवं केलं, एका बाजूनं उचललं,
बुडाशी गंजाचं पाणी आणि त्यावर
खरंच, झाकणभर.
दिलं. पैसेही घेतले.
रॉकेल आता महाग झालंय, तिलाही ठाऊक होतं.

आज महिना लागला.
ओदेरा पुन्हा आला, नाणी मुठीत घामेजलेली.
मी वीस आकडे दोनदा म्हणून घेतले,
तो पळाला.
दुकान बंद करायचं आहे, पण
मी उंबऱ्यात उभी आहे,
पलीकडच्या टेकाडावरची ती एक खिडकी बघत.
सहा होता की आठ.