दोन दारांची

रविवारी सकाळी सात, त्र्यंबक रोड,
मिसळीच्या पत्र्याच्या शेडबाहेर आम्ही नऊ जण,
आठ दुचाक्या आणि गाडी एकच:
केतकी बोरस्तेची जुनी, तिसऱ्या मालकाची,
बॉनेटवरचा पिवळा उन्हानं ताकासारखा झालेला.

नवी कालच उतरली गंगापूर रोडच्या शोरूममध्ये.
तिच्याच नावानं जमलो होतो.
पापड मोडायच्या आत धात्रक म्हणाला,
"तोंड पाहिलं का? जबडा वासून बसलीय,
दाढ दाखवायला आल्यासारखी."
सोहेल मणियार फोटो बोटांनी ताणत होता:
"मागून बघ ना राव.
मागून सगळं माफ आहे तिला."

हँडब्रेक गेला, बटण आलं.
ओजस पिंगळेला हे घरात मयत झाल्यासारखं लागलं.
"बटणानं लिफ्ट बोलवतात," तो म्हणाला,
"गाडी फिरवत नाहीत,"
आणि पाव तसाच हातात धरून बसला.
वजनही शंभर किलोंनी वाढलंय म्हणे.
म्हणजे अख्खा एक धात्रक.
रस्सा सांडेपर्यंत हसलो, धात्रक सगळ्यात जास्त.

मग किमतीवर आलं.
फलकावर लिहिलंय, तरुणांना परवडेल अशी.
सोहेलनं कागदी रुमालावर हप्ता मांडला,
सात वर्षं, पगारातून खोलीचं भाडं वजा,
बहिणीच्या नर्सिंगची फी वजा,
आणि उत्तर येणार त्या जागी
तर्रीचा थेंब पडला.
कुणी पुसला नाही.

केतकी एवढा वेळ लिंबू पिळत होती.
"कागदावर सगळ्याच देखण्या," ती म्हणाली.
"कसाऱ्याला न्या. दुसऱ्या गिअरमध्ये,
वळण मध्येच आवळतं ना, तिथं
मागचं चाक काय म्हणतं ते ऐका.
मग मला जबड्याचं सांगा."

मी काही बोललो नाही.
मी अंबडला टूलरूममध्ये असतो.
अकरा महिने एका खाचेवर काढलेत,
दाराचं कुलूप जिथं जाऊन बसतं ती खाच,
करंगळीच्या नखाएवढी.
ड्रॉइंगवर गाडीचं नाव नव्हतं, नुसता नंबर.
पहिले चारशे नग परत आले होते:
कडेला धार राहते, बोटाला लागते,
डोळ्याला दिसत नाही.
रात्रपाळीत डाय पुन्हा खोलून
कानस नाही, पॉलिशचा दगड,
तोही श्वास धरून.
नंबर कुठल्या गाडीचा
हे मला काल फोटोत कळलं.

दहा वाजता सगळे शोरूममध्ये.
टायवाल्या पोरानं विचारलं, "बुकिंग कोणाचं?"
नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं,
वर्गात काच फुटल्यावर पाहतात तसं.
"बघायला आलोय," केतकी म्हणाली, ताठ मानेनं.

मी मागच्या सीटवर शिरलो.
गुडघे हनुवटीला, छताला केस.
(ही सीट दप्तरासाठी आहे, माणसासाठी नाही,
हे माझं एकमेव जाहीर मत, लिहून घ्या.)
बाहेरून ओजसनं दार लावलं.

टक् नाही. धाड् नाही.
पिठाच्या डब्यावर झाकण बसावं तसं.
त्यानं उघडून पुन्हा लावलं.
मग सोहेलनं. मग धात्रकनं, दोनदा.
"बाकी काही म्हणा," धात्रक म्हणाला,
"दार मात्र लागतं."
त्या दिवसात नऊ जणांचं जमलं
ते एवढ्या एका वाक्यावर.

सांगणार होतो. जिभेवर आलं होतं.
पण वाकून, पोट आवळून
तिथून बाहेर पडेपर्यंत
विषय सायलेन्सरवर गेला होता.

माझी बाइक पंक्चर, म्हणून परत केतकीच्या जुनीत.
माझ्या बाजूचं दार दोनदा लावलं, दोनदा उघडं राहिलं.
"जोरात ओढ," ती म्हणाली,
"लाजू नकोस तिला."