तिसरी पायरी

फळी पाठीला बांधून चढतो आहे,
अकरावं वर्ष.
खाली तितिकाका, पत्र्यासारखं चकाकणारं.
दम लागला की तिओफिलो वळून म्हणतो,
"जन्म इथला आणि फुफ्फुसं लिमाची!"
कुत्री लांबूनच ओळखतात आम्हाला,
तरी भुंकतात.

घर क्रमांक ४१७.
साबिना कालिसाया. मूल विल्मर, एकोणीस महिने.
मूल मोजायला चार हात लागतात:
आईने कानांवर तळवे ठेवून डोकं धरायचं,
मी गुडघे दाबून धरायचे,
सरकती पट्टी टाचांना टेकली
की अख्ख्या पठाराला ऐकू जाईल असा टाहो.
७५.२.
पुन्हा मोजायचं, नियम आहे.
७५.६.
रडताना मूल चार मिलिमीटर वाढतं,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, कुणी शिकवलं नाही.

काल काय खाल्लं? बटाटा.
परवा? वाळवलेला बटाटा.
अंडं?
"कोंबडी होती तेव्हा."
गोष्टी सांगता मुलाला?
"गोष्टी नाही. लामांना हाका मारते, तो ऐकतो."
मी 'नाही'वर खूण करतो
आणि खूण जरा वाकडी येते.

हे घर तुलनेच्या गटातलं.
पलीकडच्या वाडीला दूध-पावडर, चित्रांची पुस्तकं, दर गुरुवारी ताई.
इथे फक्त मोजायचं.
इथे काहीही द्यायचं नाही.

शेवटचा प्रश्न कुठल्याशा दूरच्या शहरात घडवलेला,
स्पॅनिशमधून मीच आयमारात ओढून आणलेला:
समजा, एक शिडी आहे. दहा पायऱ्या.
सगळ्यात वर, जगता येईल तितकं चांगलं आयुष्य.
सगळ्यात खाली, सगळ्यात वाईट.
आज तुम्ही कुठे उभ्या आहात?

ती माझ्याकडे बघते, मग भिंतीकडे.
भिंतीला खरीच शिडी टेकवलेली.
"आमच्या शिडीला सातच होत्या.
तिसरी चुलीत घातली, हा जन्मला त्या रात्री.
शेणी ओल्या होत्या."
मग चढता कशा?
"दुसरीवरून चौथीवर. लांब टाकायचा पाय."

दोन लिहू? चार?
एवढ्यात विल्मर, नाक तसंच वाहतं,
शिडीशी पोचलेला.
पहिली. दुसरी.
मी उठतो. ती हातानेच म्हणते, थांब.
त्याचा पाय वर जातो, हवेत चाचपडतो,
जिथे काही नाही तिथे
काहीतरी असणारच अशा खात्रीने.
मग खाली येतो. मग पुन्हा वर.

महिन्याने लिमाहून फोन:
४१७ मध्ये प्रश्न बासष्ट रिकामा आहे.
"अंदाजे टाकू?"
नको म्हणालो, जाऊन विचारतो.

साडेतीन तासांचा चढ.
या खेपेला फळी नाही,
हातात फक्त एक दांडका, दोन विती लांब, तासून गुळगुळीत केलेला.
तिओफिलोने विचारलंच, तर सांगेन,
कुत्र्यांसाठी.