मीठ बघ

सोनं असतं तर ती सोनं बोलली असती.
पण बाबाची बोट तेव्हा कुठल्याशा बंदरात अडकलेली,
कानातली डुलं मडगावच्या सोनाराकडं,
आणि मी सात महिन्यांचा, हॉस्पिसियोच्या कॉटवर;
ताप असा, की डॉक्टर धुमे
तिच्या डोळ्यांत बघायचं टाळू लागले होते.

तेव्हा पियेदादनं, माझ्या मायनं,
व्हरांड्यातल्या बाकाशी गुडघे टेकले
आणि आपल्याजवळ द्यायजोगं काय आहे ते हुडकलं.
बांगडा होता.
साळ नदीतल्या तिसऱ्या होत्या,
पावसाळ्यासाठी बरणीत राखलेलं सुकं,
रविवारची इसवण, तीही अर्धा तुकडा, कधीमधी.
"सायबिणी, पोर ठेव.
मरेपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही."

आंगवण म्हणतात आमच्यात.
कागद नाही, सही नाही.
एक झाडूवाली होती म्हणे तिथं,
"पाय उचल गे बाई" म्हणाली, फरशी पुसून पुढं गेली.

मी वाचलो.

असोळण्यात हे कुणाला सांगून पटत नसे.
लग्नाच्या पंगतीत तिला डाळ वाढताना
वाढपी दोनदा विचारायचे, "दुखणं आहे काय गे?"
पण घरात रांधायची तीच.
कल्ले उघडून बघायची, मासळीवालीशी भांडायची,
खवलं तिच्या कोपरापर्यंत चिकटलेली असायची.
कालवणाला उकळी आली, तेफळं पडली, की हाक:
"मीठ बघ रे."
डावातला रस माझ्या तळहातावर.
खेळाच्या घाईत मी न चाटताच "बरं आहे" म्हणायचो,
हात चड्डीला पुसायचो.
मग सगळं घर खारट जेवायचं, मुकाट्यानं.
तिला कुणी सांगितलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी फेणी पिऊन आलो
आणि तळलेला तुकडा तिच्या ताटात टाकला.
"खा! मी सांगितलं होतं काय तुला?"
तिनं तो उचलून माझ्या ताटात ठेवला.
आपलं ताट धुऊन आणलं.
पेज जेवली.

पुढं तिचं रक्त कमी झालं.
पाद्री इझिदोर घरी आले, खुर्ची ओढून बसले.
इगर्जीला अधिकार आहे, म्हणाले,
आंगवण बदलून देता येते,
रोज एक तेर्स जास्त म्हण आणि माशाचं सूप घे.
माय हसली.
"पाद्रीबाब, माल घरी नेऊन पस्तीस वर्षं झाली.
आता दर कमी करा म्हणू?"

माल म्हणजे मी.
दोन नोकऱ्या सोडलेला, एका बायकोनं सोडलेला,
मडगावच्या बसस्टँडवर मोबाईलची कव्हरं विकणारा.

हल्ली ती विसरते.
आधी शेजारणींची नावं गेली,
मग तेर्सातली रहस्यं मागंपुढं झाली,
मग मी.
मला ती मेस्त समजते, दार दुरुस्त करायला आलेला.
परवा तव्यावरच्या वासानं उठून बसली.
"मेस्ता, मला नाही वाढलंस?"

ताट घेऊन मी उभा राहिलो.
आल्तारावर सायबीण, खाली तांबडा बल्ब.
तिच्याकडं बघितलं.
ती काही बोलली नाही. बोलत नसतेच.

मग मी काटे काढले.
बांगड्याचा कणा एका ओढीत निघतो,
बाजूचे बारीक राहतात, ते बोटांनी चाचपावे लागतात.
चाचपले. पुन्हा चाचपले.
घास तिच्या ओठांशी नेला.
डोळे मिटून किती तरी वेळ ती चावत होती.
एकेचाळीस वर्षं.
मग म्हणाली,
"मीठ कमी आहे."

आज कालवणाला उकळी आली.
तेफळं टाकली, डाव भरला,
फुंकर घातली, तोंडाशी आणला,
आणि तसाच धरून
खिडकीतून शेजारच्या जोविटला हाक मारली,
"ये रे जरा धावत,
मीठ बघ."